अण्णांचा वरचा आकडा

अण्णांचा सकाळचा बीपी उतरला असता तर कुणाच्या पदरात काय पडणार होतं, ते आधी मांडून टाकतो. म्हणजे पुढं जे घडलं त्यात माझा काही स्वार्थ नव्हता, असं सोवळं बोलायची पाळी माझ्यावर येणार नाही. स्वार्थ होता. भरपूर होता.

अण्णा म्हणजे माझे वडील, दिनकरराव. पाटबंधारे खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. डोळ्यांच्या डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं, "आधी बीपी आटोक्यात आणा, मग ऑपरेशन." म्हणजे डोळे बीपीपाशी अडकलेले. डोळे मोकळे झाले असते तर अण्णांना पेपर स्वतः वाचता आला असता आणि मला रोज पहाटे उठून तो मोठ्यानं वाचून दाखवावा लागला नसता. पहिल्या पानापासून श्रद्धांजलीपर्यंत, मोंढ्यातल्या सोयाबीनच्या भावासकट. आमची एक गुंठाही जमीन नाही. अण्णा दुसऱ्यांच्या सोयाबीनची फिकर करतात.

माझ्या बायकोचा, साक्षीचा फायदा वेगळा. टीव्ही दिसत नाही म्हणून अण्णा त्याचा आवाज वाढवायचे. आणि माय, चतुराबाई, तिला एवढंच हवं होतं की नवऱ्यानं "अगं, ऐकायलीस का?" हे तिच्याकडं बघून म्हणावं, फ्रीजकडं बघून नाही.

"मला सगळं दिसायलंय," असं अण्णा म्हणायचे. तेही फ्रीजलाच.

पण खरी गोष्ट वेगळी होती. अण्णांच्या ऑफिसातले जोडीदार किशनराव दिवाळीच्या आधी एका सकाळी दात घासता घासता बेसिनपाशीच कोसळले होते. तोंड वाकडं, उजवा हात गेला. बीपी वाढलेला होता आणि घरात कुणाला पत्ताही नव्हता. तेव्हापासून अण्णा दात घासताना दुसऱ्या हातानं बेसिन घट्ट धरून ठेवायचे. ते कुणाला काही बोलले नाहीत. मी पाहिलं, मीही बोललो नाही.

बीपीच्या डॉक्टर निकिता मॅडमना अण्णांनी पहिल्या भेटीत वय विचारलं, आणि आपण निवृत्त झालो तेव्हा ही पोरगी शाळेत असणार, असा हिशोब त्यांच्यासमोरच मोठ्यानं केला. मॅडमनी तो मनावर घेतला नाही.

"आजोबा, झोपेतून उठायच्या सुमाराला सगळ्यांचाच बीपी वर चढतो. शरीर दिवसाच्या कामाची तयारी करतं. तरुणपणी रक्तवाहिन्या लवचिक असतात, त्या हे सहज सोसतात. वय झालं की त्या कडक होतात. मग सकाळचा चढ जास्त उंच जातो. थंडीत आणखी. दुपारी इथं येता तेव्हा तुमचं बरं दिसतं. मला सकाळचं पाहिजे."

"कडक म्हंजे कशा?"

"वर्षानुवर्षं उन्हात पडलेल्या रबरी पाइपासारख्या."

"मंग पाईप बदला की! आमच्या खात्यात असताना..."

खात्यातला पाईप संपायला बराच वेळ लागला. मग मॅडमनी नियम सांगितले. उठल्यावर लघवीला जाऊन यायचं, चहाच्या आणि गोळीच्या आधी मोजायचं. खुर्चीत पाठ टेकून, पाय जमिनीला लावून पाच मिनिटं शांत बसायचं. पट्टा उघड्या दंडावर. मोजताना बोलायचं नाही. "आणि मीठ कमी करा. वरचा आकडा आठवडाभर दीडशेच्या आत राहिला की मी डोळ्यांच्या डॉक्टरांना चिठ्ठी देते."

माझी माय कोणतीही गोष्ट कमी करणाऱ्यांतली नाही. ती बंद करते. त्याच संध्याकाळी घरातलं मीठ बंद झालं.

बीपीचं मशीन आणलं. मायनं त्याला हळदकुंकू वाहिलं, समोर नारळ फोडला, आणि नारळाचं पाणी शिंपडलं ते नेमकं मशीनवर. ते पुसून, वाळवून दुसऱ्या दिवशी पहिलं मोजमाप झालं. थंडी होती, म्हणून अण्णांनी स्वेटरवरूनच पट्टा बांधून घेतला. समोरच्या घरातले नागसेन सर, गणिताचे निवृत्त मास्तर, आणि गेल्या वीस वर्षांत आमच्या घरातला एकही प्रसंग न चुकवलेले, मुद्दाम हजर होते.

"दिनकरराव, स्वेटर काढा. बीपी तुमचा मोजायचाय का लोकरीचा?"

स्वेटर निघाला. आता पाच मिनिटं शांतता. अण्णा आयुष्यात पाच मिनिटं गप्प बसलेले मी पाहिलेले नाहीत. झोपेतसुद्धा ते कुणाला तरी फाईल मागत असतात. पहिल्याच मिनिटाला त्यांनी फाटकासमोर गाडी कुणी लावली ते विचारलं, दुसऱ्याला पाणी भरलं का ते, तिसऱ्याला सरांना, चहा घेणार का. शेवटी सर त्यांच्यासमोर खुर्ची टाकून, एक बोट ओठावर आणि एक डोळा घड्याळावर ठेवून, बोर्डाच्या परीक्षेतल्या पर्यवेक्षकासारखे बसले.

"एकशे चौसष्ट," सरांनी निकाल जाहीर केला. "नापास. पण काठावर आहेत."

दोन दिवस अण्णांनी अळणी वरण, अळणी भाजी खाल्ली. तिसऱ्या दिवशी ताट सारलं आणि म्हणाले, "हे आजाऱ्याचं जेवण हाय. म्या आजारी न्हाई." त्या दुपारी शेजारच्या सुलाबाई आल्या. जगातल्या प्रत्येक दुखण्यावर सुलाबाईंकडं एक उपाय असतो, आणि प्रत्येक उपायानं बरा झालेला एक नातेवाईकही असतो. तो नेहमी परगावी राहतो.

"चतुराकाकू, डॉक्टरनं कोणतं मीठ बंद केलंय?"

"मीठ म्हंजे मीठ. त्याच्यात कोणतं काय?"

"आवं, रोजचं! उपासाचं नसंल केलं. उपासाचं कुठं मीठ असतंय? मीठ असतं तर उपासाला चाललं असतं का?"

मी कॉमर्सचा पदवीधर आहे, एका पतसंस्थेत बावीस वर्षं नोकरी केली आहे, पण या बिनतोड सवालापुढं मीही हिशोब मांडत बसलो. एकादशीला आपण मीठ खात नाही. एकादशीला आपण सैंधव खातो. म्हणजे सैंधव हे मीठ नव्हे. मायचा चेहरा असा उजळला की मला वाटलं, आता ही सुलाबाईंच्या पाया पडते.

घरातलं पांढरं मीठ, बरणीतलं आणि दोन न फोडलेल्या पुड्या, सुलाबाई पदराखाली घेऊन गेल्या. "तुमच्या घरात कशाला ठेवता ती बला?" जाता जाता खडेमिठाची पिशवीही त्यांनी उचलली. उपाय फुकट मिळाला असं कुणी म्हणू नये, म्हणून ही नोंद.

मग घरात गुलाबी मीठ आलं. मायनं ते मिक्सरमधून काढलं आणि मीठ नाहीच म्हटल्यावर चिमटीचा संबंध उरला नाही, मूठ सुरू झाली. येसराच्या आमटीत घातलं, धपाट्यात घातलं, शेंगदाण्याच्या चटणीत घातलं. थंडीत लिंबं स्वस्त होती. लिंबाचं लोणचं बरणी भरून घातलं, तेही 'बिनमिठाचं'. पापड भाजले जायला लागले, कारण पापडही नवे, उपासाचे. अण्णांची भूक परत आली. डॉक्टरीण बाई हुशार आहे, असं ते पहिल्यांदा म्हणाले.

आकडा एकशे बहात्तरवर गेला.

मिठावर संशय घ्यायचं कारणच नव्हतं, ते घरात नव्हतंच. म्हणून संशय गल्लीवर गेला. आधी दूधवाला. त्याच्या मोटरसायकलचा आवाज अण्णांच्या छातीत बसतो, असं ठरलं. त्याला कोपऱ्यावर थांबायला सांगितलं, आणि मी पहाटे कानटोपी घालून कोपऱ्यापर्यंत दूध आणायला जाऊ लागलो. आकडा एकशे चौऱ्याहत्तर. मग बालाजीची रिक्षा. बालाजी आमच्या गल्लीतच राहतो. पहाटेच्या गाडीची माणसं धरायला स्टेशनवर जातो. त्याला विनंती केली की बाबा, रिक्षा गल्लीत चालू करू नको, ढकलत नाक्यावर ने.

"ढकलतो की," बालाजी म्हणाला. "पण बीपी तुमच्या घरचा हाय, दादा. मागून हात तुमीच लावा."

तर मी, महारुद्र दिनकरराव, पतसंस्थेचा हेड कॅशियर, रोज पहाटे कानटोपी आणि बर्मुड्यात रिक्षा ढकलू लागलो. तिसऱ्या दिवशी आमचे मॅनेजर विद्यापीठाकडं फिरायला निघालेले समोर आले. थांबले. मी रिक्षा सोडून नमस्कार केला, रिक्षा उताराला लागली, आणि बालाजी आतून ओरडला, "दादा, धरा!" मॅनेजरांनी एवढंच विचारलं, "जोडधंदा का?" दुपारी कॅश मोजताना माझ्या कानांत तेच घुमत होतं. त्या दिवशी कॅश दोनदा मोजली.

आकडा एकशे शहात्तर.

याच सुमाराला चुडाव्याहून लिंबाजीकाका आले. अण्णांचे चुलतभाऊ. पॅसेंजरनं येतात, पिशवीत ओल्या हरभऱ्याचा ढाळा आणतात आणि घरातल्या कुणालातरी गुन्हेगार ठरवूनच परत जातात. त्यांनी सकाळचं मोजमाप बारकाईनं पाहिलं आणि चहाची बशी खाली ठेवून म्हणाले, "दिनकर, मोजतानी तुझ्या म्होरं कोण असतंय?"

"म्हारुद्र. पट्टा त्योच बांधतो."

"मंग बरूबर हाय."

"काय बरूबर हाय, काका?" मी विचारलं.

"तुझं तोंड बघितलं की माझाबी वाढंल."

मला वाटलं, निदान नागसेन सर तरी माझी बाजू घेतील. पण सर गणितवाले. त्यांना प्रयोगाचा मोह आवरेना. एकदा मी समोर बसून मोजायचं, एकदा मला बाहेर काढून. मी समोर: एकशे अठ्ठ्याहत्तर. मी अंगणात: एकशे एकाहत्तर.

"सर, दुसऱ्यांदा मोजलं की आकडा थोडा कमीच येतो," मी अंगणातून ओरडलो. "मशीनच्या पुस्तकात लिहिलंय!"

"आरोपीनं मध्ये बोलू नये," सर म्हणाले.

माझी रवानगी गच्चीवर झाली. सकाळी अण्णांना मी दिसायचं नाही. पण पेपर? पेपर तर पाहिजे. म्हणून मी गच्चीच्या कठड्याशी उभं राहून खाली अंगणात बसलेल्या अण्णांना मोठ्यानं पेपर वाचून दाखवू लागलो. अण्णांना मी दिसत नव्हतो. गल्लीला मात्र चांगला दिसत होतो. दोन दिवसांत सगळ्या खिडक्या उघडायला लागल्या. सुलाबाई म्हणाल्या, "दादा, ते सिंह राशीचं परत एकदा." बालाजीनं तर सांगितलं, सोन्याचा भाव आधी वाचत जा, नंतर मला स्टेशनवर गाडी धरायची असते. माझी मुलगी प्रियांका कॉलेजला जाताना तोंडावर ओढणी बांधायची. ऊन लागतं म्हणून, असं म्हणायची. डिसेंबरात.

एका सकाळी मी वरून अग्रलेख वाचत होतो आणि खालून हाक आली.

"म्हारुद्रा. खाली ये."

मला वाटलं, अग्रलेख आवडला नाही. उतरलो. अण्णा बेसिनपाशी उभे होते, दोन्ही हातांनी ते धरून. माय दाराशी. मशीन टेबलावर, काचेत एकशे शहाण्णव. सरांनी निकाल जाहीर केला नव्हता. सर निकाल राखून ठेवतात तेव्हा मला खरी भीती वाटते.

"किशनरावाला कितीवर गेला व्हता रे?" अण्णांनी विचारलं.

"माहीत नाही, अण्णा. चला, दवाखान्यात जाऊ."

"हात तर हालायलाय," असं म्हणून ते उजवा हात पुढं धरून बघत राहिले. मोतीबिंदूतून किती दिसत होता देव जाणे.

त्या दिवशी बालाजीनं रिक्षा थेट आमच्या दारात चालू केली, आणि तिच्या आवाजाबद्दल कुणी एक अक्षर काढलं नाही. मी, अण्णा, सर निघालो. माय मागं थांबली. "डबा करून आणते. दवाखान्यात कवा खायला भेटंल, काय सांगावं." अशा वेळीसुद्धा तिनं तवा टाकला, आणि मला त्याचा रागच आला. तो राग कसा उलटा पडला ते आता येतंच.

दवाखान्यात मॅडमनी आल्या आल्या तपासायला घेतलं.

"आजोबा, हसून दाखवा."

"कशाला?"

"तोंड दोन्ही बाजूंनी सारखं हलतंय का बघायचंय."

"कारण नसताना न्हाई हसत आमी."

"अण्णा, हसा की हो!" मी जवळजवळ रडवेला होऊन म्हणालो. माझ्या तोंडाकडं बघून अण्णांना खरंच हसू आलं. ते दोन्ही बाजूंना सारखं होतं. दोन्ही हात वर झाले, खाली आले. नाव, गाव, वार बरोबर सांगितला. आजची तिथीही सांगितली, ती मॅडमना माहीत नव्हती. ईसीजी झाला. थोड्या वेळानं पुन्हा मोजलं, आकडा थोडा उतरला होता.

"झटका वगैरे काही नाही," मॅडम म्हणाल्या. सरांनी चष्मा काढून पुसला, परत पुसला. "पण हा चढत का चाललाय ते मला कळत नाहीये. गोळी रोज घेता?"

"रोज."

"झोप?"

"हाय."

"मीठ?"

तेवढ्यात साक्षीच्या स्कूटीवरून उतरून माय डबा घेऊन दारात पोचली होती. तिनं तो शब्द ऐकला आणि तिचा आवाजच चढला. "मीठ? माझ्या घरात मीठच न्हाई, बाई! कवाच हद्दपार केलंय म्या. कुणालाबी इचारा." सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली. मायचं लक्ष मॅडमच्या चेहऱ्याकडं गेलं. "रातपाळी करून आलीस का लेकरा? काही खाल्लं न्हाईस. तोंडच सांगायलंय."

"नाही आजी, मला..."

मायला 'नाही' म्हणून अजून कुणी आमच्या घरातून उपाशी गेलेलं नाही, आणि दवाखाना तिच्या हिशोबी घरातच मोडत होता. डबा उघडला गेला. धपाटं, त्यावर लिंबाच्या लोणच्याची फोड. मॅडमना खरंच भूक लागली असावी. त्यांनी अर्धं धपाटं खाल्लं. मग थांबल्या. बाटली उघडून पाणी प्याल्या. लोणचं चाखलं आणि उरलेली बाटली संपवली.

"आजी," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "ह्यात मीठ किती घातलंय?"

"एक कण न्हाई."

"मग हे खारट..."

"ते उपासाचं हाय. गुलाबी. मूठमूठ घालते, ते बाधत न्हाई ना."

मॅडमनी डोळे मिटले. सरांनी पुसलेला चष्मा परत पुसायला घेतला.

"आजी, सैंधव हेही मीठच. रंग वेगळा आहे, पण बीपीला दोन्ही सारखीच."

"मंग उपासाला कसं चालतंय?"

एवढं शिकलेल्या मॅडमनी माझ्याकडं पाहिलं. मी ईसीजीच्या मशीनकडं पाहिलं.

तेव्हा अण्णा पलंगावरून म्हणाले, "म्हंजे म्हारुद्रामुळं न्हाई वाढला?"

"त्यांच्यामुळं कसा वाढेल? मोजताना कुणी समोर बसून बोललं की थोडा वाढतो. कुणीही असलं तरी."

"थोडा म्हणजे किती?" सरांनी विचारलं. मी सरांकडं असं पाहिलं की त्यांनी प्रश्न मागं घेतला.

दवाखान्याबाहेर ऊन पडलं होतं. अण्णा रिक्षात बसायच्या आधी थांबले आणि कुणी न सांगता दोन्ही हात डोक्यावर नेऊन परत खाली आणले. समोरून जाणाऱ्या एका ओळख नसलेल्या माणसानं, आपल्यालाच नमस्कार केला असं समजून, वाकून नमस्कार केला. बालाजी म्हणाला, "अण्णा, आता कुठं?" अण्णा म्हणाले, "घरी. हळू न्हेऊ नको, नेहमीसारखी न्हे." मला इतकं हलकं वाटत होतं की नाक्यावर रिक्षा बंद पडली तेव्हा मी आपणहून उतरून ढकलली.

मॅडमनी गोळी बदलली, मीठ मोजून द्यायला सांगितलं आणि लोणच्याची बरणी बंद केली. आकडा लगेच नाही उतरला, पण उतरत गेला. एकशे साठ, पंचावन्न, मग अठ्ठेचाळीस, आणि तिथंच आठवडाभर टिकला. चिठ्ठी मिळाली. आधी एक डोळा झाला, मग दुसरा. दुसरी पट्टी सुटली तेव्हा अण्णांनी मायकडं नीट पाहिलं आणि म्हणाले, "लय म्हातारी झालीस की गं."

"तुमी आरशात बघितलंव का?" माय म्हणाली. नर्स पुढचे दोन पेशंट थांबवून हसत उभी होती.

आता भरलं कुणी, ते बघू. सुलाबाईंनी काहीच भरलं नाही. उलट खडेमीठही त्यांच्याकडंच राहिलं. ते परत मागायची कुणाची हिंमत नाही. लिंबाजीकाकांनी निकाल कळवल्यावर फोनवर "मंग पोराची पत्रिका तरी दाखवा" असं म्हणून स्वतःला वेगळं काढलं. सरांनी माझ्यावरचा आरोप पुराव्याअभावी मागं घेतला. निर्दोष म्हणाले नाहीत. मॅडमनी अर्धं धपाटं भरलं, आणि आता म्हणे प्रत्येक म्हाताऱ्या बाईला त्या विचारतात, "आणि उपासाचं?"

माझ्या इज्जतीचं जे काय झालं ते गल्लीला पाठ आहे. मायनं भरलं ते जास्त. पन्नास वर्षं जिचा हात अंदाजानं चालला, ती आता छोटा चमचा घेऊन त्यावरून सुरीची पाठ फिरवते आणि वरचं मीठ बरणीत पाडते. हा अपमान ती रोज दोन वेळा गिळते. वाढून झालं की ताटासमोर बसून विचारते, "कसं झालंय?"

लग्नापासून आजपर्यंत अण्णांनी मायचा एकही पदार्थ खोट काढल्याशिवाय खाल्लेला नाही. आता त्यांना तिचा चेहरा स्वच्छ दिसतो. ते अळणी घास घोळवतात, पाण्याकडं हात नेतात, परत घेतात.

"बराबर हाय," म्हणतात.

सगळा जमाखर्च मांडून पाहिला. सगळ्यात जास्त अण्णांनीच भरलंय, आणि अजून भरायलेत.